खाडीत धावते, बाहेर गेल्यावर बंद पडते: आउटबोर्ड मशीनचे जुनेच दुखणे

होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मशीनची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. धक्क्यावर पहिल्या-दुसऱ्या दोरीत मशीन सुरू होते. खाडीतून मुखापर्यंत काही कुरकुर नाही. मुखाबाहेर पडून मूठ पूर्ण पिळली की दहा-पंधरा मिनिटे छान जातात. मग आवाज बसतो, मशीन दम खाते, जरा उचलते, पुन्हा बसते आणि शेवटी गप्प होते. थोडे थांबून दोरी ओढली तर बिनतक्रार चालू. आणखी दहा मिनिटांनी परत तेच. किनाऱ्यावर आणून मेकॅनिकला दाखवले की मशीन अगदी शहाण्यासारखे चालते.

आमच्याकडे मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी दर हंगामात कुणी ना कुणी यात अडकलेला असतोच. विचारले की उत्तर ठरलेले: "नवो प्लग घातलंय, तरी बंद पडता." प्लग समोर दिसतो, पान्याने निघतो, स्वस्त असतो, म्हणून पहिला बळी त्याचाच. त्यानंतर कॉइल, मग कार्बोरेटरची सफाई, मग "मशीनच जुने झाले, नवीन घेऊ." यातले काहीही करण्याआधी टाकी ते कार्बोरेटर हा दोन-अडीच मीटरचा रस्ता नीट तपासा. दहा-पंधरा मिनिटांनी दमून मरणारे मशीन बहुतेक वेळा पेट्रोलावाचून मरते, ठिणगीवाचून नाही.

हे बाहेरच का होते, खाडीत का नाही, याचे कारण साधे आहे. 15 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला 6-7 लिटर पेट्रोल ओढते. खाडीत सावकाश जाताना त्याचा लहानसा हिस्साच लागतो. वाटेत कुठे अर्धवट अडथळा असला किंवा हवा शिरत असली तरी तेवढ्या मागणीला तो रस्ता पुरतो. मूठ पिळली की पुरत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतला साठा हळूहळू उतरत जातो आणि वाटी रिकामी झाली की मशीन थांबते. थांबल्यावर थोडे पेट्रोल झिरपून वाटी पुन्हा भरते, म्हणून थोड्या वेळाने ते परत सुरू होते. धक्क्यावर बांधून किंवा पिंपात घालून तपासले तर दोष का सापडत नाही, तेही यातच आले.

"चालतंय ना कसेबसे, जाऊया असेच" हा विचार मात्र करू नका. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलात मिसळलेले असते. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. पेट्रोल कमी पोचले की तेलही तेवढेच कमी पोचते, आणि तेसुद्धा मशीन पूर्ण जोरात असताना. पिस्टन चिकटतो तो असा. उपाशी मशीनला मूठ पिळून पळवत आणले आणि किनाऱ्यावर पोचायच्या आत ते कायमचे जाम झाले, अशी मशीने मेकॅनिकच्या शेडमध्ये पडलेली दिसतात.

बंद पडल्या पडल्या काय करायचे

आधी नांगर. झाकण उघडण्याआधी नांगर, हे मी ओरडून सांगेन. डोके मशीनमध्ये घालून बसले की होडी कुठे चालली आहे याचे भान राहत नाही. पहाटे आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून सुटलेला असतो, त्यात सुकती म्हणजे ओहोटी असली तर दोन्ही मिळून तुम्हाला बाहेरच नेतात. दुपारी खारा वारा सुटला की उलटे: किनाऱ्याकडे किंवा खडपाकडे ढकलले जाता, आणि मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतील तर ते बाहेर जाण्याहून वाईट. 8 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी असेल तर किमान 40 वाव दोर सोडायची तयारी हवी. आखूड दोरावर नांगर धरत नाही, नुसता तळ खरवडत येतो.

लाइफ जॅकेट अंगात आणि वल्ही हाताशी असतील असे गृहीत धरतो. मोबाइलला रेंज असेपर्यंत किनाऱ्यावर एकाला तरी कळवून ठेवा. मदत लागलीच तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन नंबर फोनमध्ये असू द्या. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 16.

आता दोरी ओढायची घाई न करता पाइपवरचा रबरी फुगा हातात घ्या. तोच फुगा, जो सुरू करताना दाबून घट्ट करतो. मशीन मरता मरता किंवा मेल्यावर मिनिटाभरात त्याची अवस्था कशी आहे, यावर अर्धे निदान होते. किनाऱ्यावर परत येईपर्यंत ही खूण नाहीशी झालेली असते.

फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर मशीन पेट्रोल ओढते आहे, पण टाकीकडून येत नाही. फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला अडथळा आहे.

फुगा लुळा पडला असेल, दाबला की सहज दबतो आणि कितीही दाबला तरी घट्ट होत नाही, तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा फुग्यातल्या झडपा गेल्या आहेत.

फुगा घट्ट आहे, तरीही मशीन धरत नाही, तर दोष पुढे आहे: मशीनवरचा फिल्टर, पेट्रोल पंप किंवा कार्बोरेटर.

एक गोष्ट यात जोडा. सोबत कोणी असेल तर मशीन दम खायला लागताच त्याला फुगा सतत दाबत राहायला सांगा. दाबल्यावर मशीन उचलले, सोडल्यावर पुन्हा बसले, तर दुखणे पेट्रोलाच्या पुरवठ्याचेच आहे, यात आता शंका ठेवायला नको. त्याच पद्धतीने, अर्ध्या वेगात, फुगा दाबत दाबत घरीही येता येते. दाबूनही फरक पडला नाही, पण चोक थोडा ओढल्यावर उचलले, तर कार्बोरेटरची मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, अर्धवट बुजली आहे.

चपटा फुगा

पहिले बघायचे ते टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. होय, इतके साधे. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायचा राहतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून ओतायला गेले की धार अडखळते, तसेच हे. पेट्रोल बाहेर जाते, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि शेवटी पंपाला ती झेपत नाही. झाकण सैल करताना फुस्स असा आवाज आला तर निदान झाले. प्लास्टिकची टाकी असेल तर तिच्या बाजू आत खेचलेल्या डोळ्यांनीही दिसतात.

स्क्रू उघडा असूनही तेच होत असेल तर स्क्रूखालचे बारीक भोक बघा. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून वाळले की तिथे मिठाचा खडा बसतो. गोड पाण्याने धुऊन, फुंकून साफ होते. पुन्हा बसू नये म्हणून टाकी पुढे नाळेकडे शिंतोड्यात ठेवण्याऐवजी मागे, आडोशाला ठेवा. आडोसा म्हणजे बंद पेटी नव्हे. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते, तिला बाहेर जायला वाट हवी.

झाकण सैल करूनही फुगा चपटाच राहिला तर टाकीत बुडालेल्या नळीच्या टोकाची जाळी बघा. पावसाळ्यानंतर तिथे चिकट राळ, गंजाचा चुरा, कधी चक्क मेलेले झुरळ सापडते. जाळी साफ असेल तर पाइपवर संशय घ्या. जुन्या रबराच्या पाइपचे आतले अस्तर सुटते. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, आत मात्र सुटलेले अस्तर पडद्यासारखे लोंबत असते. हळू प्रवाहात ते बाजूला राहते, जोराच्या ओढीत रस्ता बंद करते. पाइप सोडवून तोंडाने फुंकून बघितले तर हवा सहज जाते, म्हणून हा दोष भल्याभल्यांना चकवतो. संशय असेल तर पाइप कापून बघायचा आणि नवीन टाकायचा. त्याला दुसरी परीक्षा नाही.

लुळा फुगा, आणि टाकी अर्धी झाल्यावर येणारा त्रास

हवा शिरण्याच्या जागा मोजक्या असतात. टाकीकडचा कनेक्टर, मशीनकडचा कनेक्टर, फुग्याच्या दोन्ही बाजूंचे क्लॅम्प आणि फुगा स्वतः. कनेक्टरमधली बारीक ओ-रिंग कडक होऊन तडकते. अशा ठिकाणी पेट्रोल बाहेर गळेलच असे नाही. मशीन ओढते तेव्हा हवा आत जाते, थेंब मात्र बाहेर येत नाही. म्हणून "गळत तर नाही" यावर विसंबू नका. फुगा दाबून दाबून घट्ट करा आणि जोडांवर कोरडे बोट फिरवा, दाबाखाली एखादा जोड ओलसर लागतो.

फुगा दाबताना त्याच्यावरचा बाण मशीनकडे आहे ना, हे बघा. घरी बदललेले फुगे उलटे बसवलेले मी पाहिले आहेत. आणि दाबताना बाण वर येईल असा उभा धरा, आतल्या झडपा नीट बसतात. उभा धरूनही तो घट्ट होत नसेल आणि बाकी जोड कोरडे असतील, तर फुगा बदला. उन्हात पडून रबर कडक होते आणि झडपा धरत नाहीत.

आता ज्या दोषाने लोक सर्वांत जास्त हैराण होतात, तो. टाकीत वरून तळापर्यंत जाणारी जी नळी असते, ती वरच्या भागात कुठे तरी बारीक तडकलेली असते. टाकी भरलेली असेपर्यंत चीर पेट्रोलाखाली बुडालेली असते, मशीन काहीच तक्रार करत नाही. पेट्रोल चिरेच्या खाली उतरले की नळी पेट्रोलाऐवजी वरची हवा ओढू लागते आणि मशीन मरते. किनाऱ्यावर येऊन टाकी पूर्ण भरली की दोष गायब!

आमच्या वाडीतल्या एकाने या चिरेपायी प्लग बदलले, कॉइल बदलली, शहरात नेऊन कार्बोरेटर दोनदा उघडून घेतला. प्रत्येक दुरुस्तीनंतर चाचणी भरलेल्या टाकीवर, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती लागू पडली असेच वाटायचे. शेवटी टाकीवरची तबकडी काढून नळी बाहेर घेतली आणि उजेडात जरा वाकवली, तेव्हा वरून चार बोटांवर केसासारखी रेघ उघडली.

म्हणून दोन वेळा लक्षात ठेवा. भरल्या टाकीला लवकर बंद पडते आणि रिकामी होत आली की जास्त वेळ चालते, तर झाकणाच्या हवेकडे बघा. भरलेल्या टाकीत वर हवेची जागा थोडी, म्हणून ओढ लवकर तयार होते. उलट, भरल्या टाकीला छान आणि अर्ध्यावर आली की बंद, तर आतली नळी. फुगासुद्धा हातात न घेता, नुसते टाकीतले पेट्रोल पाहून एवढे सांगता येते.

हवा शिरते आहे की नाही याबद्दल वाद उरला तर एक खात्रीची परीक्षा आहे. पाइप आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवा आणि खाडीतच, नीट बांधून, गिअरमध्ये वेग वाढवून बघा. पेट्रोलाचा भरीव प्रवाह दिसला पाहिजे. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा जातो, त्याचे काही नाही. पण मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे अखंड येत राहिले तर मागे कुठे तरी भोक आहे. परीक्षा झाली की ती नळी काढून टाका. साधी पारदर्शक नळी पेट्रोलात कडक होते आणि तडकते.

एवढी खटपट नको असेल तर सरळ शेजाऱ्याची टाकी, पाइप आणि फुगा असा पूर्ण संच मागून घ्या आणि नेहमीच्या वेगात बाहेर एक फेरी मारा, तोही बरोबर असला तर उत्तम. मशीन चालले तर तुमचे मशीन निर्दोष, दोष तुमच्या टाकी-पाइपात. बंद पडले तर मशीन उघडायला हरकत नाही. कनेक्टर एकाच कंपनीचे असावे लागतात, एवढीच अडचण. माझ्या मते ज्याच्याकडे मशीन आहे त्याने पाइप-फुग्याचा जादा संच होडीत ठेवायलाच हवा. जादा प्लग सगळे ठेवतात, जादा पाइप कोणी ठेवत नाही.

घट्ट फुगा: पंप, फिल्टर, जेट

मशीनवरचा छोटा फिल्टर उघडून बघणे सोपे आहे. त्यात पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब लोळताना दिसतो. त्याच्याविषयी पुढे.

पंप चालतो तो इंजिनाच्या आतल्या हवेच्या धक्क्यांवर, आणि त्यात एक पातळ पडदा असतो. फुगा दाबत राहिले की मशीन चालते, सोडले की मरते, आणि मागे हवा-अडथळा काही नाही, अशा वेळी हा पडदा संशयित. चार स्क्रू काढून पडदा उजेडासमोर धरा. टाचणीएवढे भोक किंवा कडकपणा, दोन्ही पुरेसे आहे. भोक पडले तर पेट्रोल थेट इंजिनाच्या पोटात ओढले जाते, मग एकीकडे मशीन दमते आणि दुसरीकडे धूर जास्त येतो, प्लग ओला निघतो. पडद्याचे किट गॅस्केटसह मिळते. किट आणले की सगळेच बदला, एक जुने एक नवे करू नका.

कार्बोरेटरची वाटी उघडल्यावर तळाला पांढरी भुकटी दिसली तर पाणी आत पोचलेले आहे. मुख्य जेटचे भोक तारेने टोकरू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मशीन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा, बारीक तुकडा चालतो. तो कोकणातल्या कुठल्याही होडीत सापडेल.

झटक्यात बंद पडते ते वेगळे

वर सांगितलेले सगळे अशा मशीनला लागू, जे दमत दमत मरते. बटण दाबल्यासारखे एका क्षणात बंद पडत असेल तर तो विजेचा मामला आहे. आधी मनगटाला अडकवायच्या, मशीन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप आणि बंद करायचे बटण बघा, तिथल्या वायरी मिठाने हिरव्या पडतात आणि होडी आदळली की टेकतात. आपटल्यावर बंद पडते, शांत पाण्यात नाही, अशी तऱ्हा असेल तर हेच. तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, आणि फुगा घट्ट असेल, तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा विजेचा डबा). ठिणगी तपासायची ती बंद पडल्या पडल्या, थंड झाल्यावर ती हमखास दिसते. त्यासाठी प्लगच्या वायरीत बसणारा छोटा टेस्टर वापरा. पेट्रोलाचा वास भरलेल्या होडीत प्लग काढून लोखंडाला टेकवून ठिणगी पाडायची जुनी सवय जिवावर बेतू शकते.

आणि तापणे. मागची पाण्याची धार बारीक झाली, मशीनला जळका वास आला, वेग पडला, तर ताबडतोब बंद करा. मशीनचा पाण्यातला पाय वर उचलून पाणी ओढायच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का ते पाहा. हल्ली पहिला संशय तिच्यावरच घ्यावा लागतो. पिशवी नसेल तर पायातला रबरी इंपेलर, म्हणजे थंड ठेवायचे पाणी वर ढकलणारा पंखा. सुकतीला उथळ खाडीत गाळ-वाळू ढवळत जाणाऱ्या मशीनचा इंपेलर दर हंगामाला बदलावा, अजून चांगला दिसतो म्हणून ठेवू नये.

पेट्रोलात पाणी

याला जरा जास्त जागा देतो, कारण गेल्या काही वर्षांत हे दुखणे बदलले आहे. पूर्वीही डब्यात पाणी जायचेच: उघड्या होडीत शिंतोडे, ओला फनेल, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने धरलेला ओलावा. पण ते पाणी पेट्रोलाखाली स्वच्छ वेगळे बसायचे, थेंबभर असले तर फिल्टरमध्ये अडायचे.

आता रस्त्यावरच्या पंपावर मिळते ते इथेनॉलमिश्रित पेट्रोल. 2023 पासून 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने सगळीकडे आले. लहान होडीवाले बरेचजण त्याच पंपावरून डब्यात आणतात. बहुतेक आउटबोर्डच्या माहितीपुस्तिकेत मात्र 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. ज्या जुन्या पाइपांचे अस्तर सुटते, फुगे आणि ओ-रिंगा लवकर जातात, त्यांच्या मागे वयाबरोबर हेही एक कारण आहे.

इथेनॉल पाणी धरून ठेवते. 10 टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, 20 टक्क्यांत त्याहून जास्त. तोवर काही कळत नाही, मशीन चालते. मर्यादा ओलांडली की मात्र नुसते पाणी खाली बसत नाही, ते इथेनॉललाही ओढून घेऊन बसते. 25 लिटरच्या टाकीत 20 टक्के म्हणजे 5 लिटर इथेनॉल असते. त्यातला मोठा भाग पाण्यासकट तळाशी गेला तर नळीच्या टोकाशी काही लिटरचा असा थर तयार होतो, ज्यात पेट्रोल फारसे नाही आणि टू-स्ट्रोकचे तेलही नाही, कारण तेल वरच्या पेट्रोलात राहते. मशीनला पहिला घोट त्याचाच मिळतो. होडी हलत नसताना थर स्थिर असतो. मुखावरच्या लाटांत टाकी ढवळली की कधी हे, कधी ते, असे ओढले जाते. "मशीन वेड्यासारखे करते" ही तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

तपासणी सोपी. टाकी रात्रभर हलवू नका. सकाळी बारीक नळीने अगदी तळातले अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि उजेडात ठेवा. दोन थर, मध्ये स्पष्ट रेघ, किंवा सगळेच ढगाळ दिसले तर ती टाकी रिकामी करा. वरचे पेट्रोल वाचवू म्हणून गाळत बसू नका. इथेनॉल गेल्यावर उरलेल्याचा ऑक्टेनही घसरलेला असतो. थर झालेले पेट्रोल हलवून पुन्हा एकजीव करता येते, असे सांगणारेही भेटतात. पाणी त्यातच असते, तेव्हा तो खेळ दोन तासांचा. आणि काढलेले पेट्रोल खाडीत ओतू नका, हे सांगायला लागू नये.

कायमचा उपाय म्हणजे टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर, 10 मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी असलेला. लहान मशीनवाले याला चैन समजतात. मला ती पैशाची सर्वांत चांगली गुंतवणूक वाटते, कारण वाटीत पाणी दिसले की मुखाबाहेर पडायच्या आत कळते. विरघळलेले पाणी तो थांबवत नाही, वेगळे झालेले थांबवतो, एवढे लक्षात ठेवा. बाकी पथ्य तेच: लागेल तेवढेच पेट्रोल आणा, आठवड्याचा साठा नको, डब्याचे झाकण घट्ट, फनेलला जाळी.

केरोसीनवर चालणारी मशीने ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी एकच ओळ: बंद करण्याआधी काही मिनिटे पेट्रोलवर चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये केरोसीन राहणार नाही आणि पुढच्या वेळी ते थंडपणी उठेल. साध्या पेट्रोलच्या मशीनमध्ये काटकसर म्हणून केरोसीन मिसळू नका.

पावसाळ्याचे दोन महिने

1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ. लहान होड्यांचे नियम वेगळे असले तरी आमच्याकडे पाती (लहान होड्या) वर ओढून झापांनी झाकल्या जातात आणि मशीन घरात जाते. नारळी पौर्णिमेनंतर ज्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या या दोन महिन्यांत तयार झालेल्या असतात. पेट्रोल वाटीत राहिले की हलके भाग उडून जातात आणि मागे चिकट राळ उरते. म्हणून ठेवण्याआधी मशीन गोड्या पाण्यात चालवा, पाइप सोडा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि वाटीचा खालचा स्क्रू काढून उरलेले थेंबही काढा. मशीन उभे ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा. फोर-स्ट्रोकवाल्यांना ते पेट्रोल मोटारसायकलमध्ये ओतता येते. पाइप खुंटीला दुमडून टांगू नका, मोठे वेटोळे करून ठेवा, घडीवरच तो तडकतो.

नवीन पाइप घेताना पेट्रोलसाठीचाच घ्या आणि आतला व्यास आधीच्याइतका ठेवा. बाजारात मिळणारी स्वस्त नळी पहिल्या महिन्यात काही दाखवत नाही. क्लॅम्प स्टीलचे हवेत. तार गुंडाळून आवळलेले जोड म्हणजे हवा शिरायला दिलेले आमंत्रण.

एवढे करूनही मशीन मेकॅनिककडे न्यायची वेळ आली तर एकटे मशीन नेऊ नका. टाकी, पाइप, फुगा, सगळे घेऊन जा, आणि टाकीत पेट्रोल अर्धेच ठेवा. त्याच्याकडे स्वतःची स्वच्छ टाकी असते, तो ती लावून पिंपात मशीन चालवतो आणि काही दोष नाही म्हणून परत देतो. त्याला सांगायचे ते असे: किती वेळाने बंद पडले, दमत की झटक्यात, टाकी भरलेली होती की अर्धी, फुगा चपटा होता, लुळा की घट्ट, आणि दाबल्यावर उचलले की नाही.